तोफेतून चंद्राकडे : मुलांसोबत ज्यूल व्हर्न वाचताना



"रिसर्च गॅप शोधायचा कसा?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मेथडॉलॉजीच्या पुस्तकांत त्याचं उत्तर असतं, ते पाठ करून पेपरात लिहिताही येतं. पण प्रत्यक्षात प्रश्न कसा सुचतो, कुठे अडकतो, आणि आपण शोधलेलं उत्तर खरं आहे की नुसतं सोयीचं आहे हे कसं तपासायचं, हे पुस्तकातून कळत नाही. म्हणून आज एक गोष्ट घेऊन बोलूया. गोष्ट जुनी आहे, 1865 सालची. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची, तोफेतून चंद्राकडे माणसं पाठवण्याची.

मी एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केली आणि आता विज्ञानाच्या इतिहासात पीएच.डी. करतेय. ही कादंबरी माझ्या कामाच्या ओघात आलीच होती. गेल्या पावसाळ्यात ती मी आमच्या सोसायटीतल्या पाच मुलांसोबत वाचली. सगळी सात ते दहा वयोगटातली. वाचली म्हणजे काय, तर थोडं वाचायचं, थोडं मराठीत सांगायचं, आणि बराच वेळ त्यांची भांडणं सोडवायची. या पाच जणांनी जे प्रश्न विचारले, त्यातले तीन-चार तरी एखाद्या सेमिनारमध्ये उठून विचारावेत असे होते. त्या प्रश्नांच्या मागे जाऊन इतिहास कसा उलगडतो, ते इथे मांडते.

आधी गोष्ट, थोडक्यात

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलेलं आहे. बाल्टिमोरमध्ये तोफा बनवणाऱ्यांचा एक क्लब आहे, गन क्लब. युद्ध संपल्यामुळे या मंडळींना काम उरलेलं नाही आणि त्यांना शांततेचा चक्क कंटाळा आलाय. सभासदांपैकी कुणाला हात नाही, कुणाला पाय नाही, सेक्रेटरीच्या हाताच्या जागी लोखंडी आकडा आहे. अध्यक्ष बार्बिकेन एक दिवस जाहीर करतो की आपण चंद्रावर गोळा मारायचा. मग केंब्रिजच्या वेधशाळेला पत्र जातं, गणितं होतात, देशोदेशीची वर्गणी गोळा होते. फ्लोरिडात जमिनीत खड्डा खणून 900 फूट लांबीची तोफ ओतली जाते. कुतुबमिनार एकावर एक जवळजवळ चार ठेवले तर जेवढी उंची होईल, तेवढी. गोळा ॲल्युमिनियमचा. तेवढ्यात पॅरिसहून मिशेल आर्दां नावाच्या अवलियाची तार येते की गोल गोळ्याऐवजी दंडगोल-शंकूच्या आकाराचा गोळा करा, मी आत बसून जाणार! शेवटी तिघं जण, दोन कुत्री आणि काही कोंबड्या घेऊन गोळा उडतो. पहिलं पुस्तक गोळा चंद्राभोवती फिरत राहिल्याच्या बातमीवर संपतं. पुढचा भाग, म्हणजे चंद्राभोवतीची फेरी आणि पॅसिफिक महासागरात पडून सुखरूप परत येणं, 1870 मधल्या दुसऱ्या पुस्तकात आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक चालवत. व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं मराठी रूपांतर 1900 मध्ये त्यात आलं, अशी नोंद मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात नेहमी केली जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घराघरांत पोचवला. 'फास्टर फेणे'वाले भागवत म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या मराठी मुलांनी त्यांच्याच लेखणीतून वाचल्या आहेत.

प्रश्न पहिला : "त्याला आधीच कसं कळलं?"

हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात. व्हर्नची तोफ फ्लोरिडात, अपोलोचं उड्डाणही फ्लोरिडातून. व्हर्नचे प्रवासी तीन, अपोलोचे तीन. व्हर्नचा गोळा पॅसिफिकमध्ये पडला, अपोलो 11 सुद्धा पॅसिफिकमध्येच उतरलं. व्हॉट्सॲपवर फिरायला एवढं पुरेसं आहे. "शंभर वर्षं आधी सगळं लिहून ठेवलं होतं!"

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायचं नसतं, इथून सुरुवात करायची असते. व्हर्नने फ्लोरिडा का निवडला? त्याचं कारण कादंबरीतच दिलंय. तोफ सरळ वर रोखलेली असणार, तर चंद्र बरोबर डोक्यावर आला पाहिजे. चंद्र डोक्यावर कुठे येतो? विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 28 अंशांपर्यंतच. (पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, चंद्राची कक्षा त्यात आणखी पाच अंशांनी तिरपी. बेरीज करा.) अमेरिकेत या पट्ट्यात येणारी दोनच राज्यं होती, टेक्सास आणि फ्लोरिडा. कादंबरीत या दोन राज्यांचं जागेवरून जोरदार भांडण लागतं. मुलांना तो भाग फार आवडला, कारण भांडण कशावरून आहे ते त्यांना लगेच कळलं.

आता नासाची बाजू बघा. केप कॅनाव्हेरल ही जागा निवडली गेली ती 1940 च्या दशकाच्या शेवटी, क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी. पूर्वेला मोकळा समुद्र, म्हणजे काही बिघडलं तर तुकडे लोकांच्या डोक्यावर पडणार नाहीत. पुढे बेटांची रांग, तिथे माग काढणारी केंद्रं उभारता येतील. आणि दक्षिणेकडची जागा असल्यामुळे पूर्वेकडे उडताना पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जरा जास्त फुकटात मिळतो. चंद्र डोक्यावर येतो की नाही याचा त्या निवडीशी काही संबंध नव्हता.

म्हणजे उत्तर एकच, कारणं वेगळी. आमच्या गटातल्या एका मुलाने हे फार सोप्या शब्दांत सांगितलं, "माझं आणि त्याचं उत्तर सेम आलं, पण मी कॉपी नाही केली!" अगदी बरोबर. दोन गोष्टींमध्ये साम्य दिसलं की लगेच 'प्रभाव' किंवा 'भविष्यवाणी' असं म्हणू नका. साम्य कशातून आलं ती प्रक्रिया दोन्ही बाजूंनी वेगवेगळी तपासा. आपल्या श्रीहरिकोट्यालाही पूर्वेला समुद्र आहे आणि विषुववृत्त जवळ आहे. तिथे व्हर्न कुणी वाचला होता की नाही, याने काही फरक पडत नाही.

याच विषयातलं आणखी एक उदाहरण. चंद्रावरून परतताना, 23 जुलै 1969 ला, नील आर्मस्ट्राँग यांनी प्रक्षेपणात व्हर्नच्या पुस्तकाची आठवण काढली आणि व्हर्नच्या यानाचं नाव 'कोलंबिया' होतं असं सांगितलं. अपोलो 11 च्या यानाचंही नाव कोलंबियाच. सुंदर योगायोग! फक्त मूळ कादंबरी उघडून पाहा. तिथे 'कोलंबियाड' आहे, आणि ती तोफ आहे, यान नव्हे. कोलंबियाड हा अमेरिकी तोफांचा खराखुरा प्रकार होता. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाने सांगितलं तरी दुय्यम स्रोत तो दुय्यमच. मूळ पान उघडावंच लागतं. 'केरळ कोकिळ'बद्दल मी वर "नोंद नेहमी केली जाते" असं का लिहिलं, ते आता लक्षात आलं असेल. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर त्या अंकांपासून सुरुवात करा. रूपांतरकाराने काय ठेवलं, काय गाळलं, तोफ आणि वेग यांच्यासाठी कोणते शब्द घडवले, हे बघायलाच मजा येईल.

प्रश्न दुसरा : "आतली माणसं मेली नाहीत?"

तोफेचा बार उडाला आणि आठ वर्षांच्या एकीने हात वर केला. लिफ्ट सुरू झाली तरी माझ्या पोटात कसंतरी होतं, मग यांना काही झालं नाही?

चला, हिशोब करू. बारावीचं सूत्र पुरे आहे. व्हर्नने दिलेला वेग सेकंदाला 12,000 यार्ड, म्हणजे जवळपास 11 किलोमीटर. या वेगाने पुण्याहून मुंबईला चौदा सेकंदांत पोचाल. हा वेग मात्र त्याने हवेतून काढलेला नाही. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा मुक्तिवेग तेवढाच आहे. त्याच्या नात्यातला ऑन्री गार्से गणिताचा शिक्षक होता आणि व्हर्न त्याच्याकडून आकडेमोड करून घेत असे. पण हा सगळा वेग 900 फुटांच्या नळीत मिळवायचा आहे. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येतं गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे 22,000 पट. म्हणजे वीस किलोच्या मुलीला त्या क्षणी आपलं वजन 440 टन वाटेल. किती वेळ? सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यात सगळं संपलेलं असेल.

व्हर्नला धक्क्याची कल्पना होती. म्हणून त्याने प्रवाशांच्या पायाखाली तीन फूट पाण्याची गादी ठेवली. आधी एक चाचणीही केली. एका लहान गोळ्यात मांजर आणि खार बसवून तोफेतून उडवलं. गोळा उघडला तर मांजर ठीकठाक, खार गायब! मांजराने वाटेत तिला खाल्लं होतं. मुलं हसून लोळली, आणि मग एकाने विचारलं, "पण खार धक्क्याने आधीच मेली होती का, ते कसं कळणार?" बघा, प्रयोगाचा आराखडाच चुकला होता हे त्याने पकडलं. दोन घटक एकमेकांत मिसळले की निकालाचा अर्थ लावता येत नाही. हे वाक्य तुम्ही मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहिता, त्याने खारीवरून ओळखलं.

आता इतिहास इथे रंगतदार होतो. हाच हिशोब दोन शाळकरी वयाच्या वाचकांच्या पिढ्यांनी केला. रशियातले कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्स्की यांनी सांगून ठेवलंय की अंतराळप्रवासाच्या विचाराचं पहिलं बी व्हर्नने पेरलं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या हर्मान ओबर्थ यांच्या हाती ही पुस्तकं अकरा-बारा वर्षांच्या वयात आली आणि त्यांनी ती जवळजवळ पाठ केली. दोघांनीही गणित करून पाहिलं आणि दोघांनाही तेच दिसलं, की तोफेने हे होणार नाही. वेग एका झटक्यात नाही, हळूहळू वाढवला पाहिजे. म्हणजे रॉकेट. त्सिओलकोव्स्कींचा रॉकेटवरचा मोठा लेख 1903 चा, ओबर्थ यांचं पुस्तक 1923 चं.

इथे क्षणभर थांबा. व्हर्नचा वेग बरोबर होता आणि साधन चुकीचं. वेग चुकीचा असता तर कुणी हिशोब पडताळत बसलं नसतं. साधन बरोबर असतं तर शोधायला काही उरलं नसतं. बरोबर आकडे घालून मांडलेली चूक तपासता येते, आणि तपासता येणारी चूक पुढच्याला काम देते. तुमच्या 'लिटरेचर रिव्ह्यू'मध्ये नेमकं हेच शोधायचं असतं.

प्रश्न तिसरा : "कुत्रा का पडला नाही?"

दुसऱ्या पुस्तकात एक दुःखद प्रसंग आहे. 'सॅटेलाइट' नावाचा कुत्रा उड्डाणाच्या धक्क्यात जखमी होऊन मरतो. प्रवासी खिडकी उघडून त्याला बाहेर टाकतात. पुढे खिडकीतून पाहतात तर तो गोळ्यासोबतच चाललाय!

हा प्रसंग मुलांना सांगावा की गाळावा, यावर मी बराच विचार केला. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांमध्ये असले प्रसंग सहज गळतात. मी सांगितला. थोडा वेळ सगळे गप्प होते. एकीने कुत्र्याचं नाव पुन्हा विचारलं. आणि मग तो प्रश्न आला, जो मला एम.एस्सी.च्या दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. "बाहेरचा कुत्रा त्यांच्याबरोबर तरंगतो, तर आतली माणसं का तरंगत नाहीत?"

व्हर्नने लिहिलंय ते असं : प्रवाशांना वजनरहित वाटतं ते फक्त एकाच ठिकाणी, जिथे पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ सारखी होते. बाकी वाटभर ते गोळ्याच्या तळावर पाय रोवून चालतात. प्रत्यक्षात इंजिन बंद असलेल्या यानात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं तरंगणार, कारण यान, माणूस, कुत्रा सगळे एकाच त्वरणाने चाललेत. व्हर्नला खिडकीबाहेर हे अचूक दिसलं, खिडकीच्या आत दिसलं नाही! एकाच पुस्तकात, एकाच गोळ्याच्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी भौतिकशास्त्रं.

हे असं का झालं असेल? त्याचे नियम चुकीचे नव्हते. कुत्र्याला त्याने न्यूटनचा नियम लावला. माणसांना मात्र रोजचा अनुभव लावला, कारण पायाखाली जमीन असण्याची सवय सुटत नाही. कुठल्याही जुन्या मजकुरात अशी विसंगती सापडली तर "लेखकाला कळत नव्हतं" म्हणून पुढे जाऊ नका. विसंगती म्हणजे शिवण उसवलेली जागा. तिथून त्या काळाचं आतलं अस्तर दिसतं. गॅप गॅप म्हणतात तो बहुतेक वेळा अशाच ठिकाणी असतो.

आणि हो, विसंगती मूळ लेखकाचीच आहे ना, हेही बघा. व्हर्नच्या इंग्रजी भाषांतरांचा इतिहास कुप्रसिद्ध आहे. लुईस मर्सिए यांनी केलेल्या समुद्राखालच्या प्रवासाच्या भाषांतरात सुमारे पाचवा हिस्सा गाळलेला होता, आणि नेब्रास्कातल्या 'बॅडलँड्स' या प्रदेशाच्या नावाचंही शब्दशः भाषांतर होऊन तो 'अप्रिय मुलूख' झाला होता! इंग्रजी वाचकांनी व्हर्नला बरीच वर्षं पोरासोरांचा ढिसाळ लेखक मानलं, त्यात अशा भाषांतरांचा वाटा मोठा. मराठीत येताना व्हर्न कोणत्या वाटेने आला, फ्रेंचमधून की इंग्रजीतून, आणि कोणत्या इंग्रजीतून, हे तपासल्याशिवाय 'मराठी रूपांतरकाराने बदल केला' असं वाक्य लिहायचं नाही. बदल आधीच झालेला असू शकतो.

प्रश्न चौथा : "ते लोक तोफाच का बनवत होते?"

सगळ्यात लहान मुलाने विचारलेला हा प्रश्न, आणि मला सगळ्यात जड गेलेला.

व्हर्न गन क्लबची टिंगल करतो. स्वतःच्याच शोधांनी हातपाय गमावलेली ही माणसं नव्या युद्धाची वाट बघतायत, युद्ध मिळत नाही म्हणून चंद्रावर नेम धरतायत. मुलांच्या आवृत्तीत हे गमतीशीर वाटतं आणि पुढे सरकतं. पण अंतराळाच्या खऱ्या इतिहासात काय झालं? ओबर्थ यांच्या पुस्तकाने भारावलेल्यांपैकी एक होता वेर्नहर फॉन ब्राउन. त्याच्या नेतृत्वाखाली जर्मनीत व्ही-2 रॉकेट तयार झालं. सप्टेंबर 1944 पासून ते लंडनवर कोसळू लागलं. ही रॉकेटं मिटेलबाऊ-डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून भुयारात बनवून घेतली जात आणि तिथे हजारो कैदी मेले. युद्धानंतर फॉन ब्राउन अमेरिकेत आला आणि अपोलोला चंद्राकडे नेणारं सॅटर्न-5 रॉकेट त्याच्याच नेतृत्वाखाली उभं राहिलं.

म्हणजे बघा, फ्लोरिडा, तीन प्रवासी, पॅसिफिक महासागर ही सगळी 'भविष्यं' आपण मिटक्या मारत मोजतो. पण चंद्राची वाट शस्त्रांच्या कारखान्यातून जाते, ही व्हर्नची खरोखर बोचरी कल्पना मात्र त्या यादीत कधी नसते. आपण काय मोजतो आणि काय मोजत नाही, यातही इतिहास असतो, आणि तो आपला स्वतःचा असतो.

सात वर्षांच्या मुलाला डोराच्या भुयाराबद्दल मी सांगितलं नाही. त्या वयाला ते पेलणार नाही असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. एवढंच सांगितलं की लांब जाणारी यंत्रं बरेचदा आधी लढाईसाठी बनतात, आणि ती कशासाठी वापरायची हे माणसांनी ठरवायचं असतं. त्याने थोडा विचार करून विचारलं, "मग आपलं चांद्रयान?" चांद्रयान-3 कुणावर नेम धरायला गेलं नव्हतं, असं मी सांगितलं. 14 जुलै 2023 ला निघून 23 ऑगस्टला उतरलं. व्हर्नच्या गोळ्याला 97 तास पुरणार होते, आपल्याला चाळीस दिवस लागले, कारण एका धडाक्यात न जाता कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. त्याचं समाधान झालं. माझं पूर्ण झालं नाही, कारण रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांचा इतिहास कुठल्याच देशात इतका स्वच्छ वेगळा काढता येत नाही. तो प्रश्न आता माझ्या वहीत आहे.

तुम्ही काय कराल?

पेटची तयारी चालू असेल तर वेळ नाही म्हणाल. तरी करून बघा, चार रविवार पुरतात. आपल्या विषयाशी नातं असलेली एखादी जुनी साहसकथा निवडा. घरातली, शेजारची दोन-तीन मुलं गोळा करा. वाचताना दोन गोष्टी पाळा. मुलांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट लिहून ठेवा. आणि उत्तर येत असलं तरी लगेच देऊ नका, आधी "तुला काय वाटतं?" विचारा. घरी येऊन प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने आखा : याचं उत्तर मजकुरातच आहे का, मूळ स्रोत काढून मिळेल का, की अजून कुणी दिलेलंच नाही? तिसऱ्या रकान्यात महिन्याभरात एक जरी प्रश्न जमा झाला, तरी प्रस्ताव लिहायला बसायला हरकत नाही.

मुलांना आपल्या विषयातली अधिकारी माणसं कोण हे माहीत नसतं, त्यामुळे कुणाला घाबरून ती प्रश्न गिळत नाहीत. आपण मात्र पदवीपर्यंत पोचता पोचता बरेच प्रश्न गिळलेले असतात. ते परत वर आणायला वेळ लागतो, पण येतात. तुमच्या वहीत काय जमा झालं ते जरूर कळवा.